उमरेडहून मुंबई किती लांब

उमरेड ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. नागपूरजवळचे उमरेड साधारण २०.८५ उत्तर अक्षांश आणि ७९.३३ पूर्व रेखांशावर, तर मुंबईचा जुना विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्वेवर. हे चार आकडे हाती आले की अंतर काढायला घराबाहेर पडावे लागत नाही, गणित पुरते. मोबाईलवर दोन गावांची नावे टाकली की अंतराखाली विमानाची वेळही दिसते: कुठे पाऊण तास, कुठे एक, कुठे सव्वा, ज्याने जो वेग धरला असेल त्याप्रमाणे. उमरेडला विमानतळ नाही, धावपट्टी नाही, तिथून विमान सुटत नाही, हे त्या गणिताच्या गावीही नसते. त्याने ७०० ला धरलेल्या वेगाने भागलेले असते. आकडा चूक नसतो, पण त्या आकड्याने कोणी कधी प्रवास केलेला नसतो.

अंतर मोजायच्या रीती अनेक आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. नागपूर ते मुंबई लोहमार्गाने ८३७ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर, पण तो नागपूरजवळच्या शिवमडक्याला सुरू होऊन भिवंडीजवळ आमण्याला संपतो. दोन्हीकडचे शहरातले रस्ते त्यात धरलेले नाहीत. नागपूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधले हवाई अंतर ६८३ किलोमीटरच्या आसपास आहे. आणि उमरेडच्या बसस्थानकावर नुसते नागपूर किती लांब असे विचारले, तर उत्तर किलोमीटरमध्ये मिळतच नाही. ‘एक घंटा लागते’ असे सांगतात. या सगळ्यांत हेच उत्तर व्यवहाराला सर्वांत जवळचे आहे, कारण माणूस अंतर कापतो ते शेवटी वेळेत.

हवाई अंतराचा हिशेब समजायला अवघड नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तो पृथ्वीवर जवळपास कुठेही तेवढाच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. उमरेडच्या अक्षांशावर तो १०४ किलोमीटर उरतो. नागपूर आणि मुंबई या विमानतळांच्या अक्षांशांत दोन अंशांचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २२२ किलोमीटर. रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, त्याचे पूर्व-पश्चिम सुमारे ६४५ किलोमीटर होतात. शाळेतला काटकोन त्रिकोण मांडला, दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज घेतली आणि वर्गमूळ काढले, की ६८२ येतात. एवढ्या अंतराला हा आठवी-नववीचा हिशेब पुरेसा आहे. वैमानिक तेच अंतर सागरी मैलांत सांगतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एक भाग म्हणजे एक सागरी मैल, आज ठरवून दिलेले १,८५२ मीटर. त्या मापाने मुंबई नागपूरपासून ३६९ मैल.

लांबच्या प्रवासाला मात्र हा त्रिकोण कामाचा नाही, कारण पृथ्वी सपाट कागद नाही. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या छेदाने तयार झालेल्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. याचा धक्का बसतो तो अमेरिकेच्या वाटेवर. विदर्भातली कितीतरी कुटुंबे न्यू जर्सीत राहतात. नागपूरहून तिथल्या न्यूअर्क विमानतळाचे अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे आणि ती सर्वांत जवळची वाट पश्चिमेला अरबस्तानावरून जात नाही. ती नागपूरहून निघते तीच उत्तरेकडे किंचित पश्चिमेला झुकून, आणि वर चढत चढत जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे जाते. भिंतीवरच्या नकाशात हा भलामोठा वळसा दिसतो. गोलावर दोरा ताणून पाहिला की तीच सरळ वाट ठरते. असे थेट विमान नागपूरहून नाही, तो भाग वेगळा.

बारीक हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात. पृथ्वी पुरती गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवाकडची ६,३५७, म्हणून गोल धरून काढलेले अंतर आणि खरे अंतर यांत थोडा फरक पडतो; नागपूर-मुंबईसाठी तो दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जात नाही. शिवाय विमान जमिनीवरून नव्हे, दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, तिथला कंस जरा मोठा असतो. तो वाढावा या प्रवासात एखाद्या किलोमीटरचा. या बारकाव्यांवर हुज्जत घालणारे भेटतात, पण विमानतळाच्या दारातली रांग त्याहून महाग पडते.

हे अक्षांश-रेखांश आज उपग्रह देतात आणि ते खिशात मिळतात. पहिल्यांदा ते काढले गेले तेव्हा माणसे साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन चालत होती. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे मोजणी चालवली. जमिनीवरची एकच बाजू प्रत्यक्ष मोजायची, बाकी सगळे कोन पाहून गणिताने काढायचे, अशी ती पद्धत. डोंगर, नद्या आणि जंगले ओलांडणारी सरळ रेषा या देशात प्रथम अशी आखली गेली. लॅम्बटन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले आणि जगाला नाव त्यांचेच माहीत झाले. हिंगणघाटच्या बाजारात येणाऱ्या कापूस उत्पादकांपैकी किती जणांना हे थडगे ठाऊक असेल, कोणास ठाऊक.

नागपूरचा झिरो माइलचा स्तंभ त्याच मोजणीच्या घराण्यातला, १९०७ मधला. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे. ब्रिटिशांनी देशातली सगळी अंतरे इथून मोजली आणि हा भारताचा मध्यबिंदू आहे, असे नागपूरकर पाहुण्यांना हौसेने सांगतात. वस्तुतः ते सर्वेक्षण खात्याचे उंची मोजण्याचे प्रमाण-चिन्ह आहे. समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट अशी तिथली उंची नोंदलेली आहे. स्तंभावर काही गावांची अंतरेही कोरलेली आहेत: सिवनी ७९ मैल, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. ही सगळी रस्त्याची अंतरे आहेत, हवेतली नव्हेत. उमरेडचे नाव त्यात नाही, आणि ते असण्याचे कारणही नव्हते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या गावाचे अंतर दगडात कोरून ठेवण्याइतके कोणाला अडत नाही.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा खरा उपयोग झाला तो आकाशात, आणि तोही रात्री. दिल्ली नागपूरहून हवाई मार्गाने सुमारे ८५० किलोमीटर, मद्रास ९१० च्या आत, कलकत्ता ९८५, मुंबई ६८३. ही चार अंतरे अगदी सारखी नाहीत, पण एका रात्रीच्या वेळापत्रकात बसतील इतकी जवळजवळची आहेत. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा हाच हिशेब मांडलेला होता. चार महानगरांतून संध्याकाळनंतर चार विमाने निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रवासीही एका विमानातून दुसऱ्यात जायचे. मग प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत फिरायचे आणि उजाडायच्या आत पोचायचे. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जायचे.

या सेवेतल्या डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने मुंबईहून नागपूरला अडीच तास लागतात, दिल्लीहून तीन तासांवर, मद्रासहून तीन तास वीस मिनिटे आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांहून जास्त. चौघांना एकाच वेळी पोचायचे तर निघायच्या वेळा मागेपुढे ठेवाव्या लागणार, हे उघड आहे. कलकत्त्याचे विमान सर्वांत आधी निघायला हवे आणि मुंबईचे सर्वांत शेवटी. उड्डाणाची वेळ म्हणजे काय, हे शिकायला यासारखा दुसरा धडा नाही. एका विमानाला उशीर झाला की बाकीची तिन्ही खोळंबायची, कारण एकाचे टपाल दुसऱ्यात चढायचे होते. या सेवेला अपघाताचे गालबोटही लागले. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासला झेपावलेले डाकोटा लगेच कोसळले. तेरा जण दगावले, वैमानिक तेवढा वाचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आलेली होती. डाकोटांच्या जागी पुढे मोठी स्कायमास्टर विमाने आली. १९७३ मध्ये सेवा थांबली. जेट विमानांनी मुंबई-कलकत्ता एका दमात जोडल्यावर मध्ये थांबायची गरज उरली नव्हती. जे अंतर नागपूरच्या कामी आले होते, तेच वेग वाढल्यावर निरुपयोगी ठरले. आता देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी विमाने नागपूरच्या माथ्यावरून पुढे जातात, आणि त्यातल्या एखाद्या प्रवाशाला मध्येच छातीत दुखू लागले तर खाली उतरतात.

आताच्या उड्डाणाची वेळ वेगळ्या रीतीने बनते. एअरबस ३२० सारखे विमान वरच्या थरात ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. ६८३ ला ८३० ने भागले की ४९ मिनिटे. वेळापत्रकात मात्र नागपूर-मुंबईला साधारण दीड तास दाखवतात. उरलेली चाळीस मिनिटे चोरीला गेलेली नसतात. वेळापत्रकातली वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत मोजतात. त्यात विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाणे येते, पुढच्या विमानासाठी थांबणे येते. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, आणि इतक्या जवळच्या प्रवासात चढण-उतरणच निम्मी वाट खाते. विमान वर जाऊन जेमतेम स्थिर होते, चहाचे कप गोळा होतात आणि खाली उतरायची घोषणा होते. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. निघायची आणि शिरायची दारे ठरलेली असतात, हवाई मार्ग ठरलेले असतात. प्रत्यक्ष हवेत असण्याचा काळ तास-सव्वा तास भरतो.

बाकीचा वाढावा मुंबईचा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उतरायला परवानगी मिळेपर्यंत विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात; पावसाळ्यात तर हे नेहमीचेच. विमान कंपन्या हा उशीर आधीच वेळापत्रकात घालून ठेवतात. विमान ‘वेळेआधी दहा मिनिटे’ पोचले की प्रवासी खूश होतात, पण ती दहा मिनिटे त्यांच्याच तिकिटाच्या वेळेतून आधी काढून घेतलेली असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. नागपूरहून तो हवाई मार्गाने पंधरा-सोळा किलोमीटर जवळ आहे. पनवेल-वाशीच्या माणसाला त्याचा फायदा पुष्कळ, आणि ज्याचा भाऊ बोरिवलीला राहतो त्याला काहीच नाही.

वाऱ्याचा हात यात किती, हे सहसा लक्षात येत नाही. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावरच्या उंच थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर मुंबईहून नागपूरला येणाऱ्या विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग ९३० होतो आणि उलट जाणाऱ्याचा ७३०. तेच अंतर एकाला ४४ मिनिटांत कापता येते, दुसऱ्याला ५६ लागतात. पावसाळ्यात दख्खनवरचा वरचा वारा उलटा फिरतो, पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो, आणि फायदा-तोट्याची अदलाबदल होते. परदेशच्या वेळापत्रकात आणखी एक फसगत असते. नागपूरहून दोहाला थेट विमानसेवा राहिली आहे. अंतर सुमारे २,८४० किलोमीटर, चार तासांहून जास्त उड्डाण. पण तिकिटावर पाहिले तर निघायची आणि पोचायची वेळ यांत पावणेदोन-दोन तासांचेच अंतर दिसते. दोहाचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे. तिथून नागपूरला येताना तेच उड्डाण कागदावर साडेसहा तासांचे दिसते.

आता पुन्हा उमरेड. सोनेगावचा विमानतळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, उमरेडच्या वायव्येला सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर आहे. धावपट्टी ३,२०० मीटर लांब आणि तिच्या दोन टोकांचे क्रमांक १४ आणि ३२. म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून १४० आणि ३२० अंशांच्या आसपासच्या दिशा. आग्नेयेकडचे टोक तसेच पुढे वाढवत नेले तर रेषा उमरेडच्याच बाजूला येते. त्यामुळे विमान आग्नेयेकडून उतरत असेल, तर ते येते ते उमरेडच्या मुलखावरून. नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने उतरणारे विमान धावपट्टीपासून ४० किलोमीटरवर असताना जमिनीपासून दोन किलोमीटरच्या आसपास उंचीवर असते. तिथून चाके टेकायला त्याला सहा-सात मिनिटे लागतात. खाली वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खुल्या कोळसा खाणीत डंपर चालू असतात आणि उमरेड रोडवर एसटी चांप्याच्या पुढे जायची असते. विमानातल्या उमरेडच्या माणसाला, खिडकी मिळाली असेल तर, खाणीचा करडा खड्डा ओळखू येतो. मग तो नागपुरात उतरतो, पट्ट्यावरून बॅग घेतो आणि ज्या गावावरून आला तिथे परत जायला दीड तास गाडीत बसतो.

अंतराच्या हिशेबात नागपूरचा वळसा फार मोठा नाही. उमरेड ते मुंबई सरळ ७०३ किलोमीटर. उमरेड ते सोनेगाव ४० आणि तिथून मुंबई ६८३, एकूण ७२३. वळसा वीस किलोमीटरचा. दिल्लीच्या प्रवाशाला तोही फारसा पडत नाही, कारण नागपूर त्याच्या वाटेवरच येते. हैदराबादचे मात्र वेगळे. उमरेडहून हैदराबादचा विमानतळ सरळ ४१२ किलोमीटर दक्षिणेला आहे. तिथे जायचे तर उमरेडकर आधी हैदराबादकडे पाठ करून चाळीस किलोमीटर वायव्येला येतो आणि मग ४३३ किलोमीटर उडतो. जवळपास दुसरा पर्याय नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, गोंदियाजवळ बिरसीलाही विमाने येतात, पण उमरेडहून दोन्ही नागपूरपेक्षा कितीतरी लांब.

जमिनीवरच्या या चाळीस किलोमीटरांचा इतिहास हवाई टपालापेक्षा जुना आहे. उमरेडचे कोष्टी रेशीमकाठी कापड विणत. बैलगाडीच्या दिवसांत ते नागपूरच्या पेठेत न्यायचे तर ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीने दिवस मोडायचा आणि बहुधा मुक्कामही पडायचा. मुंबईची रेल्वे नागपुरात १८६७ मध्ये आली. उमरेडला आगगाडी यायला त्यानंतर आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९०८ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन टाकली आणि उमरेड तिच्यावरचे मोठे स्टेशन झाले. ही छोटी गाडी तासाला पंचवीस-तीस किलोमीटर जायची. भाडे मात्र परवडायचे, त्यामुळे भिवापूरच्या मिरचीवाल्यांपासून नागपुरात कॉलेजला जाणाऱ्या पोरांपर्यंत सगळे तिच्यात असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी ती बंद झाली. रुंदीकरणाचे काम महारेलकडे आले आणि मधली वर्षे उमरेडने रस्त्यावर काढली.

जमिनीवर सरळ जाण्याची मुभा अलीकडे एकालाच होती. २०१३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातून जय नावाचा वाघ चालत उमरेड-कऱ्हांडल्याला आला. सरळ रेषेत ते अंतर साठ-सत्तर किलोमीटर आहे. पायी त्याला नदी, कालवे, शेते आणि राष्ट्रीय महामार्ग ओलांडत त्याहून पुष्कळ जास्त चालावे लागले असणार.  म्हणजे तोही सरळ आला असे म्हणता येत नाही.

माणसाची वाट ठरलेली आहे. उमरेड, चांपा, पाचगाव, विहीरगाव, दिघोरी. दिघोरीपासून रिंग रोडने म्हाळगीनगर, मानेवाडा, ओंकारनगर असे सिग्नल मोजत छत्रपती चौकाला यायचे आणि तिथून वर्धा रोडने सोनेगाव. एसटीने येणारा सामानासह मध्येच उतरून ऑटो करतो. मेट्रोचे एअरपोर्ट स्टेशन २०१९ मध्ये सुरू झाले, पण ती लाइन वर्धा रोडने जाते, उमरेड रोडला तिचा स्पर्श नाही. स्वतःची गाडी असेल तर दीड तास धरावा; बसने दोन-अडीच. बऱ्याच कंपन्यांचे सामानाचे काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते आणि विमानात चढायचे दार पंचवीस मिनिटे आधी. सुरक्षा तपासणी धरली तर दोन तास आधी पोचणेच शहाणपणाचे.

बेरीज करून पाहावी. घर ते विमानतळ दीड तास, तिथे दोन तास, विमान दीड तास, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे गोरेगाव असो की ठाणे, तास-दीड तास. साडेसहा-सात तास झाले. त्यात विमान हवेत होते ते तास-सव्वा तास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. समृद्धीने मोटार घेऊन निघालेला, ५ जून २०२५ रोजी तो रस्ता पुरा खुला झाल्यापासून, उमरेडहून नऊ-दहा तासांत मुंबईच्या वेशीवर पोचू शकतो. फरक उरला तो तीन तासांचा. चौघांचे कुटुंब असेल तर तिकिटांचे पैसे पाहून तो फरक आणखी लहान वाटू लागतो.

आणि रेल्वे? संध्याकाळी नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतो पकडली की सकाळी सीएसएमटी. घड्याळात हा प्रवास सर्वांत लांब, पण त्यातले सात-आठ तास झोपेचे असतात आणि झोप घरीही घ्यावीच लागते. त्यामुळे मंत्रालयात काम असलेला उमरेडकर अजूनही रात्रीची गाडी धरतो, आणि त्याचा हिशेब चुकलेला नसतो. विमान खरोखर उपयोगी पडते ते दोन वेळा: त्याच दिवशी परतायचे असेल तेव्हा, आणि टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी न्यायचा माणूस रात्रभर बर्थवर पडून राहू शकत नसेल तेव्हा. तिथे वाचलेल्या पाच-सात तासांची किंमत तिकिटाहून नक्कीच जास्त असते.

या सगळ्यात कमी होण्यासारखी वेळ आकाशात उरलेली नाही. प्रवासी विमानांचा वेग गेल्या साठ वर्षांत वाढलेला नाही. १९६० च्या दशकातले जेट आणि आजचे जेट जवळपास सारख्याच वेगाने जातात. उमरेडसाठी मुंबई जवळ येणार असेल तर ती दिघोरीचा नाका लवकर सुटल्याने, ब्रॉडगेजवर वेळेत धावणाऱ्या गाडीने आणि तिला नागपुरात मेट्रोची जोड मिळाल्याने येईल. एकट्या रस्त्यावरची तीस मिनिटे कमी झाली तर ती विमानाने ताशी चारशे किलोमीटर वेग वाढवल्याहून जास्त कामाची ठरतील, कारण ती मुंबईच्याच नव्हे, दिल्ली, पुणे, हैदराबाद या सगळ्या प्रवासांत वाचतील आणि विमानात कधीही न बसणाऱ्यालाही मिळतील.

तोवर मोबाईलवरच्या उड्डाणाच्या वेळेवर जाऊ नये. सकाळी सातचे विमान असेल तर उमरेडहून पहाटे साडेतीनला निघावे, ओळखीच्या गाडीवाल्याला आदल्या रात्री पुन्हा एकदा फोन करून ठेवावा, आणि पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नये.